रोबोट नेमकी कोणती चूक टाळणार आहे?

मांडीचे हाड मोडल्यावर काय करावे, यावर बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या पट्ट्यात आजकाल जो वाद ऐकू येतो, त्यात दोनच आवाज असतात. एक म्हणतो, पुण्याला आणि बेंगळूरला रोबोट आले, मग आम्हीच का मागे? दुसरा म्हणतो, यंत्राच्या हाती माणूस सोपवायचा आणि बिल चौपट करायचे, ही लुटीची नवी तऱ्हा आहे. दोघेही तावातावाने बोलतात. या शस्त्रक्रियेत बिघडते ते नेमके काय, आणि त्यातले किती रोबोट दुरुस्त करू शकतो, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. रोबोट मिलिमीटरच्या आणि अंशांच्या चुका कमी करतो, आणि आपल्या भागातला रुग्ण मार खातो तो तासांनी आणि दिवसांनी. म्हणून मोडलेल्या मांडीसाठी सार्वजनिक पैशातून रोबोट घेण्याला आज माझा विरोध आहे. यंत्राशी माझे वैर नाही, आणि हा विरोध कायमचा असेल असेही नाही.

पहिला गोंधळ गुडघ्यामुळे झाला आहे. रस्त्यारस्त्यावरच्या फलकांवर जो रोबोट दिसतो तो बहुतेक वेळा सांधा बदलण्याचा असतो. तिथे हाड शाबूत असते. आदल्या दिवशी सीटी स्कॅन काढता येतो, किती अंशात किती हाड कापायचे हे संगणकावर ठरवता येते, हाडात खुणेच्या पिना रोवून कॅमेऱ्याला त्याची जागा शिकवता येते. हाड हलले तरी पिना त्याच्याबरोबरच हलतात, म्हणून हिशेब चुकत नाही. मोडलेल्या मांडीत नेमके उलटे असते. हाडाचे दोन, तीन, कधी पाच तुकडे झालेले असतात आणि स्नायू ते एकमेकांवर चढवत असतात. सकाळच्या स्कॅनमधली तुकड्यांची जागा दुपारी टेबलावर राहिलेली नसते. ते ओढून जागेवर आणायला लागणारा जोरही थोडाथोडका नाही. जर्मनीत हानोफरच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेदरम्यान तो मोजला, तेव्हा कमाल आकडा ४०० न्यूटनच्या आसपास निघाला, म्हणजे सुमारे ४० किलोचे ओझे. एवढ्या जोराने तुकडे ओढणारा आणि तरीही रक्तवाहिनी न दुखावणारा यंत्रहात बनवण्यावर वीस वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे. नेहमीच्या ऑपरेशन थिएटरात तो अजून रुळलेला नाही. तेव्हा गुडघ्याच्या रोबोटकडे बोट दाखवून 'आता मांडीही तोच जोडेल' म्हणणाऱ्याला दोन शस्त्रक्रियांतला फरक ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून तो बोलत नाही.

मग मांडी जोडतात कशी? मधला भाग मोडला असेल तर हाडाच्या पोकळीत लांब नेल घालतात. लोक 'रॉड टाकला' म्हणतात तो हाच. रुग्णाला फ्रॅक्चर टेबलावर घेऊन पाय ताणतात आणि सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर पाहत तुकडे रेषेत आणतात. ग्रेटर ट्रोकँटर म्हणजे खुब्याजवळ बाहेरून हाताला लागणारा उंचवटा. त्याच्या शेंड्यावर किंवा आतल्या बाजूच्या खळगीत छिद्र पाडून गोल टोकाची गाईड वायर मोडलेल्या जागेपलीकडे, गुडघ्याच्या वरपर्यंत उतरवतात. मग अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने जाड होत जाणारे रिमर, म्हणजे हाड आतून कोरणारी पाती, फिरवून पोकळी रुंद करतात. आतली भिंत घासल्याची खरखर हाताला लागली की थांबायचे आणि शेवटच्या रिमरपेक्षा १ ते १.५ मिलिमीटर बारीक नेल बसवायचा. प्रौढ माणसाला साधारण ९ ते १२ मिलिमीटर जाडीचा, ३४ ते ४२ सेंटिमीटर लांबीचा नेल पुरतो. वरचे स्क्रू नेलला जोडलेल्या जिगमधून, म्हणजे भोकाची जागा दाखवणाऱ्या साच्यातून, बिनचूक बसतात. खालच्या दोन स्क्रूंची गोष्ट वेगळी. नेल आत उतरताना किंचित वाकतो आणि पिळतो, त्यामुळे वर बांधलेल्या जिगचा नेम खाली चुकतो. म्हणून नेलमधले भोक पडद्यावर अगदी गोल दिसेल असा सी-आर्म फिरवायचा, ड्रिलचे टोक त्या गोलाच्या मध्यावर धरायचे आणि हाताने भोक पाडायचे. नवख्या हाताला इथे एक्स-रेचे बटण पुन्हापुन्हा दाबावे लागते आणि ते किरण रुग्णाबरोबर सर्जनच्या बोटांवरही पडतात.

आता रोबोटच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. नेल घालून हाड जुळते, पण पाऊल आत किंवा बाहेर फिरलेल्या स्थितीतच जुळले, असे होते, आणि ते क्वचित होत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात नेल घातलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात १५ अंश किंवा त्याहून जास्त फिरणे सापडले होते. साध्या एक्स-रेत ते दिसत नाही. रुग्ण सहा महिन्यांनी सांगतो की जिना उतरताना पाय वेगळाच पडतो, मांडी घालून बसता येत नाही, आणि त्याला उत्तर मिळते, 'हाड तर छान जुळले आहे.' अंश मोजणारे यंत्र इथे हवेसे वाटले तर त्यात नवल काय? तरुण माणसाच्या खुब्याची मान मोडली असेल तर दुसरा मुद्दा येतो. तिथे ६.५ ते ७.३ मिलिमीटरचे तीन पोकळ स्क्रू एकमेकांना समांतर, उलट्या त्रिकोणात बसवायचे असतात, आणि मानेची जाडी फार नसते. बेजिंगमध्ये विकसित झालेला टायरोबोट हे काम करतो. सी-आर्मच्या चित्रांवर स्क्रूच्या वाटा आखल्या की यंत्राचा हात नळी त्या रेषेत धरतो आणि सर्जन नळीतून वायर घालतो. वायर चुकून पुन्हा घालण्याच्या खेपा कमी होतात, एक्स-रे कमी लागतात. बहुतेक चिनी रुग्णालयांतून आलेल्या अभ्यासांत हे वारंवार दिसले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण स्क्रू सरळ बसले म्हणजे खुबा वाचला, असे होत नाही. मानेवरून गोळ्याकडे, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या हाडाच्या गोल टोकाकडे, जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाड सरकतानाच फाटलेल्या असतात. पुढे गोळा मरतो की जगतो, हे बरेचसे तो किती सरकला होता आणि तुकडे किती नीट बसवले यावर ठरते. ते बसवण्याचे काम रोबोट करत नाही, सर्जनच करतो. वाकड्या जुळवणीत तीन अगदी समांतर स्क्रू घातले तर वाकडेपणाच पक्का होतो. म्हणूनच स्क्रूच्या अचूकतेत दिसणारा फरक गोळा मरण्याच्या प्रमाणात तितका ठसठशीत दिसत नाही. यंत्राच्या स्वतःच्याही खोड्या आहेत. कॅमेरा आणि खुणेची पिन यांच्यामध्ये कुणाचा खांदा आला की दिसणे बंद. म्हातारीच्या ठिसूळ हाडात पिन सैल झाली की पडद्यावर सारे बरोबर आणि आत सारे सरकलेले. नळीचे टोक हाडाच्या उतारावर टेकले तर वायर घसरून वाकते, आणि वायर वाकल्याचे रोबोटला कळत नाही. जाड मांडीचे स्नायू नळीला बाजूला रेटतात ते वेगळेच. अनुभवी सर्जन हे ओळखतो आणि मध्येच एक एक्स-रे काढून खात्री करतो. म्हणजे रोबोट असला तरी अनुभवी सर्जन लागतोच.

आणि पाऊल फिरण्याचे काय? त्यावर कोटींच्या यंत्राआधी दहा मिनिटांचा उपाय आहे. चादरी घालण्यापूर्वी चांगल्या पायाच्या गुडघ्याची वाटी समोर ठेवून खुब्याच्या आतल्या बाजूच्या लहान उंचवट्याचा, लेसर ट्रोकँटरचा, फोटो सी-आर्मवर साठवून ठेवायचा. खालचे स्क्रू घालण्याआधी मोडलेल्या बाजूचीही वाटी तशीच समोर आणून तोच उंचवटा तेवढाच दिसतो का ते पाहायचे. कमी दिसला किंवा जास्त दिसला तर हाड फिरलेले आहे. शस्त्रक्रिया संपली, पण भूल उतरलेली नाही, तेव्हा दोन्ही खुबे वाकवून आत-बाहेर फिरवून पाहायचे. तरीही शंका राहिली तर खुब्याची मान आणि गुडघा यांच्या मोजक्या पट्ट्यांचा सीटी काढायचा. फरक सापडला तर पहिल्या काही दिवसांत खालचे स्क्रू काढून, पाय फिरवून, पुन्हा बसवणे हे छोटे काम आहे. हाड जुळल्यावर तेच काम हाड कापून करावे लागते. बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात, मिरजेत सीटी यंत्रे आहेत. रॉड टाकलेल्या किती रुग्णांच्या कागदावर दोन्ही पायांचे फिरणे अंशांत लिहिलेले असते? ज्या चुकीची आपण नोंदच ठेवत नाही ती टाळण्यासाठी यंत्र विकत घेणे म्हणजे वजनकाटा न लावता ऊस नेणाऱ्या कारखान्याला नवे संगणक देण्यासारखे आहे.

खालच्या स्क्रूंच्या अडचणीवरही रोबोटशिवायचे उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेत १९९९ साली सुरू झालेल्या साइन या संस्थेने सी-आर्मही नसलेल्या दवाखान्यांसाठी भरीव नेल आणि त्याला जुळणारा लांब यांत्रिक हात तयार केला. भोक सापडले की नाही ते नेलच्या खाचेत अडकणाऱ्या शोधकाने हाताला कळते. आफ्रिका-आशियातल्या गरीब देशांत हा नेल हजारोंनी वापरला गेला आहे. अचूकता नेहमी विजेवरच चालते असे कुठे आहे?

इतिहास या वादात दोन्ही बाजूंना टोचतो. पहिल्या महायुद्धात गोळी लागून मांडी मोडलेले ब्रिटिश सैनिक मोठ्या संख्येने मरत होते. ह्यू ओवेन थॉमस यांची जुनी स्प्लिंट, म्हणजे जांघेत बसणारे कडे, दोन्ही बाजूंना सळ्या आणि टोकाला ताण, ब्रिटिश सर्जन रॉबर्ट जोन्स यांच्या आग्रहाने आघाडीवरच बांधली जाऊ लागली. ८० टक्क्यांच्या घरात सांगितला जाणारा मृत्युदर युद्ध संपेपर्यंत २० टक्क्यांच्या खाली आल्याची नोंद झाली. आधीचा आकडा फुगलेला असावा असे आज काही अभ्यासक म्हणतात, पण स्प्लिंटने जीव वाचले याबद्दल वाद नाही. त्यात नवे यंत्र काहीच नव्हते. जुनी वस्तू लवकर, जखमी पडला त्याच्या जवळ बांधली गेली, एवढाच बदल. दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे. १९३९ साली कील शहरात गेरहार्ड क्युंट्शर यांनी मांडीच्या पोकळीत पहिला नेल घातला, तेव्हा जर्मनीतल्याच ज्येष्ठ सर्जनांनी नाके मुरडली. मज्जेत धातू घुसवला तर चरबी रक्तात जाईल, ही त्यांची भीती खोटी नव्हती. तो धोका आजही आहे. तरी नेल जिंकला, कारण महिनोन्महिने वजन लावून पडून राहणारा माणूस काही आठवड्यांत चालू लागला. नव्याला नुसत्या धास्तीने विरोध करणाऱ्यांनी हे विसरू नये. आणि नव्याच्या भक्तांनी खुबा बदलताना हाड कोरणारा रोबोडॉक विसरू नये. १९९२ साली तो अमेरिकेत पहिल्यांदा माणसावर चालला, मग जर्मनीत हजारो खुब्यांवर. हाडातली पोकळी त्याने हातापेक्षा नेमकी कोरली यात शंका नाही. पण त्याला वाट देताना खुब्याचे स्नायू दुखावले, लंगडण्याच्या तक्रारी आल्या, प्रकरणे न्यायालयात गेली आणि काही वर्षांत तो तिथल्या थिएटरांतून हद्दपार झाला. हाड मिलिमीटरमध्ये जिंकले आणि चाल हरली.

तासांचे गणित आपल्याकडे कसे चालते ते पाहा. मांडीचे हाड मोडले की एका मांडीत लिटर ते दीड लिटर रक्त साचू शकते, बाहेर थेंबही न दिसता. तुकडे हलत राहिले की वेदना, रक्तस्राव आणि फुप्फुसात चरबी जाण्याचा धोका, तिन्ही वाढतात. अनेक जखमा असलेल्या रुग्णांत मांडी २४ तासांत स्थिर केली तर फुप्फुसांचे त्रास कमी होतात, हे १९८९ साली डॅलसच्या चाचणीत दिसले. रुग्ण फार नाजूक असेल तर आधी बाहेरून सळ्यांची चौकट बसवावी, हेही पुढे शिकलो. आता गळिताच्या हंगामात रात्री चिकोडी-अथणीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते. किंवा चोर्ला घाटाच्या वळणावर, कणकुंबीजवळ गाडी उलटते. पहिल्या दवाखान्यात थॉमस स्प्लिंट आहे का, आणि ती बांधता येणारा माणूस त्या पाळीत आहे का? १०८ ची गाडी त्याला जिथे रात्री भूलतज्ज्ञ, रक्त आणि सी-आर्म तिन्ही आहेत तिथे नेते, की तीन ठिकाणच्या तीन चिठ्ठ्या गोळा करत फिरवते? यातली एक गोष्ट कमी असली तरी सर्जन रिकाम्या हातांनी बसतो, मग शेजारी रोबोट उभा असला तरी.

म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न याहून मोठा आहे. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेल्या आजीचा जीव बहुतेकदा स्क्रूच्या दिशेने जात नाही. तो जातो छातीतल्या कफाने, पाठीवरच्या जखमांनी, लघवीच्या संसर्गाने, म्हणजे पडून राहण्याने. ब्रिटनने २००७ साली खुब्याच्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद सुरू केली आणि २०१० पासून लवकर शस्त्रक्रिया, वृद्धांच्या डॉक्टरची तपासणी वगैरे निकष पाळणाऱ्या रुग्णालयाला जास्त पैसे दिले. २००७ ते २०११ या काळात तीस दिवसांतले मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. इथे एक आक्षेप प्रामाणिक आहे: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतही सहभागी असलेल्या मोठ्या चाचणीत ६ तासांत शस्त्रक्रिया केली काय आणि २४ तासांत केली काय, मृत्यूंत फरक पडला नाही. खरे आहे. पण शुगर कमी होण्याची, रक्त पातळ करणारी गोळी उतरण्याची, आरोग्य योजनेच्या कार्डाच्या मंजुरीची आणि मुंबईहून मुलगा येण्याची वाट पाहणारी आजी ६ आणि २४ च्या मध्ये नसते; ती त्यांच्या पुष्कळ पलीकडे असते.

सीमेमुळे यात आणखी एक गाठ पडते. निपाणीच्या माणसाला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीच्या माणसाला मिरज, खानापूरच्या पश्चिमेकडच्या काही गावांना गोव्यातले बांबोळी. मोडलेल्या हाडाला राज्य नसते, योजनेच्या कार्डाला असते. महाराष्ट्राने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली, आणि कुठल्या गावच्या रुग्णाला कुठल्या दवाखान्यात खाट मिळेल यापेक्षा कुणाच्या अधिकारात कुणी ढवळाढवळ केली याचीच चर्चा जास्त झाली. दोन्ही सरकारांना तासांचा हिशेब मांडायला ही चांगली जागा होती.

यावर जो सवाल येतो तो मला सर्वांत अवघड वाटतो: 'चांगली वस्तू आमच्या दारात आली की तुम्ही आधी स्प्लिंट आणा म्हणता, पुण्याला असे कुणी म्हणते का?' सीमाभागाने पिढ्यान्पिढ्या 'थांबा' ऐकले आहे, त्यामुळे हा राग समजण्यासारखा आहे. पण पुण्यालाही हेच विचारायला हवे, आणि मोडलेल्या मांडीपुरते तिथलेही उत्तर फारसे वेगळे येणार नाही. बरोबरीचा हक्क मागायचा तर तो निकालाच्या बरोबरीचा मागावा. पुण्यातल्या आजीची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होत असेल तर जांबोटीच्या आजीचीही दुसऱ्या दिवशी व्हावी. शिवाय रोबोट एकदाच विकत घेऊन भागत नाही. कोटींची किंमत, वर्षाचा देखभाल करार, प्रत्येक वेळी नवी लागणारी निर्जंतुक आवरणे आणि पिना, हे सगळे कुणाच्या तरी बिलात उतरते. सरकारी योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्ये ते बसले नाही तर बाहेरून 'थोडे वरचे' मागितले जातात, आणि कार्ड असलेल्या घरात पुन्हा सावकार येतो.

रोबोटमुळे मध्यम कुवतीचा सर्जन चांगला होईल, असेही सांगितले जाते. काही कामांत होईलही. पण यंत्र हाताला बसेपर्यंतच्या पहिल्या शस्त्रक्रिया लांबतात, आणि ज्या थिएटरात महिन्यातून दोन-तीनच केसेस रोबोटवर होतात तिथे ते शिकणे संपतच नाही. रात्री दोन वाजता यंत्र अडले तर हातानेच पुढे जावे लागते. तो हात रोजच्या कामाने तयार झालेला नसेल तर?

दुसऱ्या बाजूचे आक्षेपही तपासायला हवेत, कारण ते बहुधा चुकीच्या जागी लागतात. रोबोट आपल्या मनाने कापतो ही समजूत निराधार आहे. आजच्या हाडाच्या रोबोटांत आखणी, सुरुवात आणि थांबवणे सर्जनच्याच हाती असते. 'यंत्रापेक्षा आमचा हाडवैद्य बरा' हे तर जास्त धोक्याचे. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली रक्तपुरवठा तुटून पाय काळा पडलेले रुग्ण हाडाच्या वॉर्डांना नवे नाहीत. मांडीचे हाड पट्टीने सांभाळण्याचा काळ केव्हाच गेला.

मग रोबोट कधी घ्यावा? जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, खुब्याच्या मानेचे आणि कटीच्या हाडाचे रुग्ण रोज येतात, आणि वर्षभर आधीपासून प्रत्येक मांडीची नोंद ठेवली जाते: अपघातापासून किती तासांनी शस्त्रक्रिया, पाऊल किती अंश फिरले, पुन्हा किती जणांना थिएटरात न्यावे लागले, तीस दिवसांनी कोण हयात आहे. खुब्याखालच्या मोडीत स्क्रूच्या टोकाचे गोळ्याच्या शिखरापासूनचे अंतर समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेंत मोजून बेरीज २५ मिलिमीटरच्या आत आहे का, हे त्याच कागदावर एका ओळीत बसते. ही नोंद असेल तर रोबोट आल्यावर काय बदलले ते दाखवता येईल. आणि तो आला तर मराठी घरातल्या माणसाकडून कानडी किंवा इंग्रजी संमतीपत्रावर नुसती सही घेऊन चालणार नाही. तुकडे कोण बसवणार, रोबोट कोणत्या टप्प्याला लागणार, तो मध्येच बंद पडला तर काय करणार, हे त्याच्या भाषेत तोंडी आणि लेखी सांगावे, आणि रोबोटचा खर्च बिलात वेगळ्या ओळीवर लिहावा.